महागडी सर्व्हिसिंग नेमकी कुंपणाबाहेर

मा. संपादक, स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीला आपल्या दैनिकात गाड्यांच्या पानभर जाहिराती येतात. त्यांच्या तळाशी, चष्मा पुसल्याशिवाय दिसणार नाही अशा अक्षरात एक ओळ असते : 'आकर्षक सर्व्हिस पॅकेज उपलब्ध'. पॅकेज म्हणजे पुढच्या सर्व्हिसिंगचे पैसे आजच भरायचे. मला त्या एका ओळीबद्दल लिहायचे आहे. एसटीच्या कार्यशाळेतील भांडारात माझी एकतीस वर्षे गेली. ऑइल, फिल्टर, लायनर, बेअरिंग यांची आवक-जावक लिहिता लिहिता केस पांढरे झाले. तरीही २०१९ साली ही ओळ मला सहा हजारांना पडली.

त्या वर्षी ऑगस्टच्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली आणि आमच्या गावभागातली जुनी गाडी टपापर्यंत बुडाली. विम्याचे जे हाती आले त्यात भर घालून ८ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या मुहूर्तावर, छोटी पेट्रोल गाडी घेतली. हार घालून, पेढे वाटून झाल्यावर विक्रेत्या मुलाने एक रंगीत कागद पुढे केला. तीन वर्षे किंवा ३०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल ते, पाच सर्व्हिसिंग, १४,७०० रुपये. मी तिथेच खुर्चीवर बसून भागाकार केला. एका सर्व्हिसिंगला २,९४० पडतात आणि एरवी साडेतीन हजार लागतात. स्वस्तच की! सही केली.

माझा भागाकार चुकला नव्हता, भाजक चुकला होता. ज्या पाच सर्व्हिसिंगने मी भागले, त्यांतली पहिली १,००० किलोमीटरची. तिच्यात गाडी धुतात, नटबोल्ट बघतात आणि किल्ली परत देतात. एक थेंब ऑइल बदलत नाहीत. दुसरी ५,००० ची आणि तिसरी १०,००० ची. या तिन्हींची मजुरी गाडीच्या किमतीतच आलेली असते, म्हणूनच त्यांना 'फ्री सर्व्हिस' म्हणतात. म्हणजे जी मजुरी मला माफच होती, तीच पॅकेजमध्ये घालून मला पुन्हा विकली गेली. पूर्ण पैसे लागणाऱ्या सर्व्हिसिंग राहिल्या दोन.

त्यात मार्च २०२० ची टाळेबंदी आली. एप्रिलमधली दुसरी सर्व्हिसिंग ऑगस्टमध्ये झाली. कंपनीने मुदत वाढवून दिली होती, हे मान्य केलेच पाहिजे. पण मग ऑक्टोबरमध्ये तिसरीची वेळ आली तेव्हा वर्कशॉपमधला सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाला, "काका, दोन महिन्यांपूर्वीच ऑइल टाकलंय, गाडी चारशे किलोमीटर पळली नाही, आता कशाला?" सल्ला प्रामाणिक होता. पण ती सर्व्हिसिंग हिशेबातून गेली ती गेलीच.

पॅकेजमधल्या कामाचे बिलही छापून मिळते. त्यावर मूळ रक्कम असते आणि खाली 'पॅकेजमधून वजा' अशी नोंद करून देय रक्कम शून्य दाखवतात. शून्य बघून लोक ते बिल चुरगाळतात. मी सगळी बिले फाइलला लावली, ही भांडारातली खोड. ऑगस्ट २०२० ला १,६५०, ऑक्टोबर २०२१ ला ३,३००, ऑक्टोबर २०२२ ला ३,७००. एकूण ८,६५०. भरले होते १४,७००. म्हणजे ६,०५० रुपयांचा खड्डा. शेवटच्या खेपेला एसीचा फिल्टर, वायपर आणि अलाइनमेंट मिळून २,१४० रुपये वेगळे द्यावे लागले, कारण 'हे पॅकेजमध्ये येत नाही'.

खरी गंमत पुढेच आहे. पॅकेज संपले आणि ऑक्टोबर २०२३ ला चौथ्या वर्षाची सर्व्हिसिंग आली. तिच्यात एअर फिल्टर बदलायचा होता, स्पार्क प्लग बदलायचे होते, ब्रेक ऑइल बदलायचे होते. बिल झाले ७,९००. ते सगळे माझ्या खिशातून. नंतर मी गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका उघडून देखभालीचा तक्ता पाहिला (घेतल्या दिवशीच पाहायला हवा होता). त्यात स्वच्छ लिहिले होते : ही मोठी कामे ४०,००० किलोमीटर किंवा ४८ महिन्यांनी. माझे पॅकेज ३६ महिन्यांचे. कुंपण बरोबर मोठ्या बिलाच्या अलीकडे घातले होते.

२०२५ च्या दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, मुलाने गाडी घेतली. तो औषध कंपनीत प्रतिनिधी आहे. सोलापूर, कोल्हापूर, बेळगाव अशी फिरती असते, वर्षाला बावीस हजार किलोमीटर सहज होतात. त्या वर्षी २२ सप्टेंबरपासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक एक टक्का उपकर यावरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे शोरूममध्ये बसायला खुर्ची नव्हती. विक्रेता बोलण्यात तयार होता. "काका, जीएसटीत एवढे वाचले ना, त्यातलेच पॅकेजला टाका की. खिशातून काय जातंय?" वाचलेले पैसे खिशातलेच असतात हे त्याला सांगितले. तो हसला आणि त्याने दोन कागद काढले. तीन वर्षे किंवा ३०,००० किलोमीटरचे १५,९०० आणि पाच वर्षे किंवा ५०,००० चे २१,९४९. दुसरा आकडा फारच बरा वाटला म्हणून खाली वाचले, तर 'कर वेगळा'. १८ टक्के लावून ते २५,९०० झाले. पहिला आकडा मात्र करासहित होता. एकाच टेबलावर एक भाव करासहित आणि एक करावाचून का, हे विचारले तर "छापताना झालं असेल."

या वेळी मी घाई केली नाही. पुस्तिकेतल्या तक्त्याची झेरॉक्स काढली आणि ती घेऊन दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या पार्ट्स काउंटरवर गेलो. प्रत्येक कामापुढे भागाची किंमत आणि मजुरी, करासहित, पेन्सिलीने लिहून घेतली. काउंटरवरच्या मुलाने दहा मिनिटांत सगळे सांगितले. त्याला कोणी आधी विचारलेच नव्हते. १०,००० ला मजुरी माफ असल्यामुळे २,३००. २०,००० ला ५,२००. ३०,००० ला ४,७००. ४०,००० ला ९,४००. ५०,००० ला ५,०००.

आता बेरीज करा. तीन वर्षांच्या पॅकेजमधल्या कामांची किंमत १२,२०० आणि मागतात १५,९००. पाच वर्षांच्या पॅकेजमधल्या कामांची किंमत २६,६०० आणि मागतात २५,९००. वरचे दहा हजार दिले की ४०,००० आणि ५०,००० च्या मिळून १४,४०० रुपयांच्या सर्व्हिसिंग मिळतात. एकच शोरूम, एकच गाडी; धाकटे पॅकेज पावणेचार हजारांनी आतबट्ट्याचे आणि थोरले जेमतेम बरोबरीचे. विक्रेत्याचा आग्रह अर्थातच धाकट्याचा होता, "सुरुवातीला लहानच घ्या."

बरोबरीचे म्हणतो, फायद्याचे नाही. पैसे आज जातात, सर्व्हिसिंग पुढे होतात, मधले व्याज बुडते. उलट दरवर्षी मजुरी आणि ऑइल महागते, तो भार पॅकेज घेतलेल्यावर पडत नाही. मुलाच्या गाडीचे ५०,००० किलोमीटर सव्वादोन वर्षांत होतील, तेवढ्यात ही दोन्ही पारडी साधारण सारखी राहतात. मात्र पॅकेजची रक्कम गाडीच्या कर्जात घालू नका, ही कळकळीची विनंती. मुलाला तोही पर्याय दिला होता, "हप्त्यात कळणारसुद्धा नाही." नऊ टक्क्यांनी सात वर्षांच्या कर्जात २५,९०० चा हप्ता ४१७ रुपये बसतो. ८४ हप्त्यांचे झाले ३५,०००. सव्वादोन वर्षांत पॅकेज संपणार आणि गेलेल्या ऑइलचे हप्ते सातव्या वर्षापर्यंत भरत बसायचे!

शेवटी मुलाने पाच वर्षांचे घेतले, रोख भरून. माझी हरकत नव्हती. बेळगावात असो वा सोलापुरात, त्याच कंपनीच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये चालेल आणि गाडी विकली तर उरलेल्या सर्व्हिसिंग नव्या मालकाला मिळतील, हे दोन्ही लेखी घेतले. फिरतीच्या माणसाला त्याची किंमत आहे. मी स्वतः वर्षाला साडेचार हजार किलोमीटर चालवतो, मला विचाराल तर त्यातले कुठलेच घेणार नाही. सर्व्हिसिंग वेळेवर करायची आणि पैसे त्या त्या वेळी मोजायचे.

घाबरवण्याचा एक प्रकारही सांगतो. "बाहेर हात लावला तर वॉरंटी गेली समजा," हे वाक्य दर शोरूममध्ये ऐकू येते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपये दंड ठोठावला होता, तो सुटे भाग आणि दुरुस्ती आपल्याच मुठीत ठेवल्याबद्दल. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले एवढ्याच कारणावरून वॉरंटी सरसकट रद्द करू नये, असेही त्या आदेशात होते. कंपन्या त्याविरुद्ध वर अपिलात गेल्या, तो लांबचा प्रवास आहे. वॉरंटी असेपर्यंत मीही कंपनीच्याच वर्कशॉपला जातो, उगीच वाद नको. पण वॉरंटी संपल्यापासून शंभर फुटी रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये जातो. ऑइल आणि फिल्टर मी घेऊन जातो, मिस्त्री माझ्यासमोर डबा फोडतो आणि जुना फिल्टर माझ्या हातात देतो. तो काळा, चिकट फिल्टर हातात घेतला की बदलला याची खात्री पटते. काचेपलीकडच्या एसीत बसून टीव्ही बघताना ती पटत नाही.

पॅकेजवाल्यांच्या बाबतीत आणखी एक अनुभव येतो. सर्व्हिसिंगचे पैसे आधीच आल्यामुळे ॲडव्हायझरचा सगळा जोर वरच्या कामांवर असतो. इंजिनची कार्बन सफाई, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसीचे निर्जंतुकीकरण, कोटिंग. "बिल शून्यच आहे काका, एवढं करून घ्या." यांतले एकही काम माझ्या पुस्तिकेतल्या तक्त्यात नाही. एसटीच्या गाड्या लाखोंनी किलोमीटर पळतात, त्यांना कोटिंग केलेले मी एकतीस वर्षांत पाहिले नाही.

माझी मागणी साधी आहे. पॅकेज विकताना शोरूमने प्रत्येक सर्व्हिसिंगला काय बदलणार, त्याची आजची किंमत किती आणि त्यातली मजुरी आधीच माफ आहे का, हे एका पानावर करासहित छापून द्यावे. जे पार्ट्स काउंटरवरचा मुलगा दहा मिनिटांत सांगतो ते छापायला अवघड नाही. आपल्या वाचकांपैकी ज्यांनी असे पॅकेज शेवटपर्यंत वापरले असेल त्यांनी आपली 'शून्या'ची बिले बेरीज करून या सदरात जरूर कळवावीत, नफा झाला असला तरी.

जाता जाता एक. मुलाचे पॅकेज घेताना मी विचारले, गाडी पुरात गेली आणि विमा कंपनीने ती पूर्ण निकामी ठरवली, तर उरलेल्या सर्व्हिसिंगचे पैसे परत मिळतात का? विक्रेता आत गेला, मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजर म्हणाले, "असं कोणी विचारलंच नाही हो आजवर." २०१९ आणि २०२१ असे दोन पूर पाहिलेल्या सांगलीत हे कोणी विचारले नसेल, यावर माझा विश्वास बसला नाही. प्रश्न लेखी दिला आहे, पोच घेतली आहे. उत्तर पावसाळ्याआधी यावे, एवढीच अपेक्षा.

आपला,
एक निवृत्त एसटी कर्मचारी
गावभाग, सांगली