दुग्धविकास मंत्री साहेब, वाढीव 2 रुपये आमच्यापर्यंत आलेच नाहीत

मा. दुग्धविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना नमस्कार.

साहेब, मी अहिल्यानगर जिल्ह्यातला दूध उत्पादक, घर दुधाच्या पगारावर चालतं, म्हणून थेट हिशोबाचंच बोलतो. जुलै 2024 पासून सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान दिलं, 3.5 फॅट 8.5 एसएनएफच्या (एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) दुधाला डेअरीने 30 द्यायचे आणि वरचे 5 सरकारचे, म्हणजे 35. मग ऑक्टोबरपासून अनुदान 7 रुपये केलं, गावात सगळे खूष की 2 रुपये वाढले, पण त्याच निर्णयात डेअरीचा दर 30 वरून 28 वर आणला. 28 अधिक 7 म्हणजे परत 35च की! सरकारी तिजोरीतून लिटरला 2 रुपये जास्त गेले आणि गोठ्यात एक रुपया आला नाही. दूध पावडरीचे भाव पडले होते, डेअऱ्यांचं गणित बसत नव्हतं, हे मला मान्य आहे, पण मग ती मदत डेअरीच्या नावाने द्या ना, आमच्या नावावर कशाला टाकता?

बरं जे होतं ते तरी सगळ्यांना मिळालं का? गायीच्या कानात ओळख क्रमांकाचा टॅग पाहिजे, तो सरकारच्या जनावरांच्या नोंदीच्या पोर्टलवर पाहिजे, आधार बँकेला जोडलेलं पाहिजे आणि ही सगळी माहिती डेअरीने भरायची. आमच्या शेजारच्या ताईंनी बाजारातून गाय आणली, टॅग जुन्या मालकाच्या नावावर, तो बदलेपर्यंत योजना संपली. दूध तर त्यांनी रोज सकाळ संध्याकाळ घातलं होतं, त्याची नोंद संकलन केंद्रावर होती, मग तीच नोंद का चालत नाही? मोठ्या गोठेवाल्याकडे कागद सांभाळायला माणूस असतो. दोन गायीवाल्या बाईने धारा काढायच्या की पोर्टल बघायचं.

शेजारी कर्नाटकात सहकारी संघाला दूध घालणाऱ्याला लिटरमागे 5 रुपये वर्षानुवर्षं चालू आहेत. तिथेही पैसे थकतात, नाही असं नाही, पण योजना दर दोन महिन्यांनी बंद होत नाही. आपल्याकडे मात्र आंदोलन झालं की अनुदान. 2018 ला झालं, 2024 ला अकोले तालुक्यात कोतुळला लोक पावसात धरण्यावर बसले होते. आणि आपल्याकडचं बरंचसं दूध खाजगी डेअऱ्यांना जातं, त्यामुळे नुसतं सहकारी संघांना सांगून भागणार नाही. अनुदान बंद झालं की दर काय द्यायचा ते डेअरी ठरवते, आणि आम्ही दूध काय घरात ठेवू शकत नाही, दुपारपर्यंत नासतं. त्यामुळे जो भाव सांगतील तो घ्यायचा. पेंडीचं पोतं मात्र दुकानदार त्याच्याच भावाने देतो.

उसाला एफआरपी आहे, म्हणजे कारखान्याने किमान किती द्यायचं ते कायद्याने ठरलेलं असतं. दुधालाही तसंच पाहिजे, आणि पिशवीतल्या दुधाच्या, तुपाच्या, पावडरीच्या विक्रीतून येणाऱ्या पैशात उत्पादकाचा ठरलेला वाटा पाहिजे. ही मागणी शेतकरी संघटना कधीपासून करतायत. तो कायदा होईपर्यंत अनुदान द्या, पण देताना डेअरीचा दर एक रुपयानेही खाली येऊ देऊ नका.

थंडीत दूध वाढतं आणि तेव्हाच दर पाडतात, तर त्याच्या आधी निर्णय जाहीर करा. आणि मागच्या योजनेत टॅग, आधार, खात्याच्या चुकीमुळे ज्यांचे पैसे राहिले त्यांची यादी गावोगावच्या संकलन केंद्रावर लावा, नावापुढे कारण लिहून, म्हणजे दुरुस्ती तरी करता येईल.

आपला,
एक दूध उत्पादक
अहिल्यानगर जिल्हा