स्विश्तोवकरांनो, घरातले जुने फोटो-कागद बाहेर काढा आणि हातभार लावा!

बल्गेरियातल्या आपल्या स्विश्तोव गावातल्या आणि परदेशी गेलेल्या सगळ्या स्विश्तोवकरांना नमस्कार. कुठल्या गल्लीत, कुठल्या घरात कोण राहायचं, कधी आले, कधी गेले, याची नोंद करायचं काम मंडळाने घेतलंय हे तुम्हाला माहितीच आहे. आता पैसे संपत आलेत आणि माणसंही कमी पडतायत.

आपलं गाव काय साधंसुधं आहे का? डॅन्यूब वाहत वाहत सगळ्यात दक्षिणेला येते ती इथेच, शेजारी नोवे इथे रोमन लीजनचा, म्हणजे रोमन फौजेचा तळ होता, 1791 चा ऑस्ट्रिया आणि तुर्कांचा तह इथला, 1877 ला तुर्कांशी लढायला रशियाची मुख्य फौज समोरच्या, रोमानियातल्या झिम्निचाहून आपल्याच काठाला उतरली. लेखक आलेको कोन्स्तान्तिनोव आपला. आणि 1856 मध्ये वास्किदोविच गुरुजी आणि त्यांच्या सोबत्यांनी चितालिश्ते काढलं, म्हणजे वाचनालय, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी, तेही तुर्कांचं राज्य असताना! त्या वाचनालयावर आजही एलेन्का आणि किरिल आव्रामोव या नवरा-बायकोचं नाव आहे. दिमितर त्सेनोव यांनी तर आपली इस्टेटच कॉलेजसाठी ठेवली आणि 1936 पासून तिथे पोरं शिकतायत. असे दाते या गावाने पाहिलेत.

आणि आज? 1985 ला देशात जवळपास 90 लाख माणसं होती, 2021 च्या जनगणनेत 65 लाख. आपल्या गल्लीतली कुलूपं तुम्हीच मोजा. 1977 च्या भूकंपात आपल्या गावात शंभरावर जीव गेले, त्या रात्रीचं सांगणारेही आता थोडेच राहिलेत. परवा एका आजींनी बुटांचा खोका आणून दिला, धक्क्यावरचा ग्रुप फोटो, मागे पेन्सिलीने अकरा नावं, त्यातली चार पुसट झालीत. अजून दोन वर्षांनी ती वाचणार कोण?

मागच्या वेळी आवाहन केलं तेव्हा लाइक भरपूर आले, मदत मोजक्यांनीच केली, वाईट वाटलं, खरं सांगतो. यावेळी तसं करू नका.

स्कॅनर, हार्ड डिस्क आणि छपाईला पैसे हवेत, रक्कम कितीही चालेल, पावती मिळेल. फोटो, पत्रं, घराचे कागद स्कॅन करून त्याच दिवशी परत देऊ. ऑफिस सोमवार सोडून रोज संध्याकाळी 5 ते 7, परदेशातल्यांनी फोटोची मागची बाजूपण स्कॅन करून पाठवा, म्हाताऱ्यांकडे आम्हीच घरी येऊ, फक्त निरोप द्या. टायपिंग येणारी पोरं असतील तर लगेच पाठवा.

– सेक्रेटरी, मंडळातर्फे