सूनबाई, तू ती वही चालू ठेवलीस

बडोदे

चि. सौ. सूनबाई हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आभाराचा विषय काढला की तू चहाचं आधण ठेवायला आत निघून जातेस. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे. आमच्या वर्गातले जे कोणी वाचतील त्यांनी खाली आपलीही सही आहे असं धरावं.

कलाभवनातून आम्ही १९७१ साली इंजिनियर होऊन बाहेर पडलो. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेली ती संस्था १९४९ पासून विद्यापीठात आहे, पण आमच्या तोंडी अजून कलाभवनच. कोणी रिफायनरीत लागला, कोणी जीएसएफसीच्या खत कारखान्यात, कोणी वीज बोर्डात. काही अमेरिकेला गेले. निवृत्तीनंतर तुझ्या सासऱ्यांनी सगळ्यांचे पत्ते एका लांबोडक्या वहीत उतरवले आणि फोन करकरून ज्याची त्याची खबर लिहायला घेतली. तो गेला तेव्हा वहीही संपली असंच आम्ही समजलो. दिवसकार्य आटोपलं आणि थोड्याच दिवसांत तुझा फोन आला. ‘काका, बाबांच्या वहीत तुमच्या नावापुढे मोतीबिंदू लिहिलाय. दुसऱ्या डोळ्याचं झालं का?’

कोणी तुला सांगितलं नव्हतं. आमच्यातल्या निम्म्यांचं तोंडही तू पाहिलेलं नव्हतंस.

तुझ्या सासऱ्यांच्या नोंदी पुरुषी होत्या: अमक्याचा मुलगा कॅनडात, तमक्याने फ्लॅट विकला. तू वेगळं विचारू लागलीस. स्वयंपाकाला बाई येते का, रात्री सोबत कोण असतं, गोळ्या कोण आणून देतं, लिफ्ट आहे का. एकाच्या नावापुढे तू लिहिलं आहेस, ‘चारनंतर फोन करावा, आधी झोपतात. टीव्ही बंद करायला सांगावं, मग नीट ऐकू येतं.’ त्या दोन ओळींमुळे तो माणूस पुन्हा आमच्याशी बोलू लागला. त्याआधी तो तुटक बोलतो म्हणून लोकांनी फोन करणंच सोडलं होतं.

या चौकशांची खरी किंमत ऑगस्ट २०२४ मध्ये कळली. गोकुळाष्टमीच्या सुमारास विश्वामित्रीला पूर आला. २५ फुटांना धोक्याची पातळी, आणि पाणी ३५ च्याही वर. समा, अकोटा, फत्तेगंज, सगळीकडे पाणी. वीज गेली, मगरी वस्तीत आल्या. शहरातले आमचे बहुतेक जण एकेकटे किंवा म्हातारा-म्हातारी दोघंच. तू रावपुऱ्यात वही उघडून बसलीस. कोणाकडे ऑक्सिजनचं यंत्र आहे, कोण तिसऱ्या मजल्यावर वॉकर घेऊन अडकलाय, कोणाला इन्सुलिन लागतं, हे त्या क्षणी गावात फक्त तुला ठाऊक होतं. फ्रीज बंद पडला म्हणून एक मित्र इन्सुलिन फेकून द्यायला निघाला होता. तू डॉक्टरांना विचारून त्याला कळवलंस की वापरात असलेली कुपी चार आठवड्यांपर्यंत बाहेर चालते, फक्त उन्हा-उकाड्यापासून जपायची. न उघडलेल्या कुप्या ओल्या मातीच्या भांड्यात गार ठेवायच्या. यंत्रवाल्याकडे पाणी ओसरायच्या आत भरलेला सिलिंडर पोचला. तो कोणी पोचवला हे त्याला अजून माहीत नाही. आता कळेल.

पेन्शनसाठी लागणाऱ्या हयातीच्या दाखल्याचंही तसंच. आमच्यातल्या एकाने जन्म मशीन शॉपमध्ये काढला, बोटांच्या रेषा झिजून गेलेल्या. ठसे घेणारं यंत्र दरवेळी त्याला नाकारायचं आणि तो खजील होऊन परतायचा. जिवंत माणसाला आपण जिवंत आहोत हे पटवता येऊ नये, हे त्याला फार लागे. २०२१ पासून चेहरा दाखवून दाखला निघतो हे तू शोधून काढलंस, त्याच्या घरी गेलीस, फोन समोर धरून ‘काका, आता डोळे मिटा-उघडा’ म्हणालीस, आणि झालं. ईपीएफची पेन्शन असेल तर नोव्हेंबरच्या गर्दीत जायची गरज नाही, दाखला कधीही द्या, तो वर्षभर चालतो, हेही तूच सगळ्यांना समजावलंस. सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना आयुष्मानचं कार्ड मिळू लागलं तेव्हा आमच्या दोन वहिनींची कार्डं तूच काढून दिलीस.

कोणी गेला की तू काय लिहितेस ते मला विशेष सांगायचं आहे. हात जोडलेली चित्रं नाहीत, ठरीव वाक्यं नाहीत. काय झालं, शेवटी जवळ कोण होतं, आता घरी कोण आहे, वहिनींना माणसं आलेली हवीत की काही दिवस नकोत. आणि सहा महिन्यांनी, जेव्हा सगळे आपापल्या कामाला लागलेले असतात, तेव्हा तुझा त्या घरी पुन्हा फोन जातो. हे तू कुठे शिकलीस ठाऊक नाही. आमच्या बायका म्हणतात, नवरा गेल्यावरही वहीतलं आपलं पान तुझ्यामुळे राहिलं.

आता एक मागणं. तू नोकरी करतेस, मुलीची बारावी आहे. शहरातले आम्ही काही जण अजून धडधाकट आहोत. अकोटा आणि अलकापुरीकडची नावं माझ्याकडे दे, मी दर पंधरवड्याला फोन करीन आणि तू विचारतेस तेच विचारीन. प्रश्न लिहून दे.

माझी खबर लिहून घे: उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं आहे, धाकटी पुण्याहून येऊन राहणार आहे. रक्तदाबाची गोळी बदलली. सकाळी दहाच्या आत फोन केलास तर मी कमाटीबागेत असतो, घंटी जरा जास्त वेळ वाजू दे.

सासूबाईंना नमस्कार.

तुझ्या सासऱ्यांचा वर्गमित्र,
आणि तुझा काका