बंडूचा विमा मी काढत नाहीये, बाबा

पुणे, रविवार

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही पुन्हा विचारलंत, “बंडूच्या विम्याचं काय झालं?” आणि मी “बघते” म्हणून विषय बदलला. खरं तर बघून झालंय. आपल्या कुत्र्यासाठी मी पॉलिसी घेत नाहीये. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही “बरं, तुझी मर्जी” म्हणून गप्प बसला असतात आणि मग माझाच जीव टांगणीला लागला असता. म्हणून लिहून कळवते. आई, चष्मा लाव आणि बाबांना मोठ्यानं वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस.

पैसे वाचवायला मी हे करत नाहीये, हे आधी सांगते. विम्याशिवाय सायकलसुद्धा रस्त्यावर काढू नये, या घरात मी वाढले आहे. तुमच्या त्या खाकी फायलीतल्या पावत्या माझ्या लग्नापर्यंत पुरल्या, हे मी विसरलेले नाही. बंडूचा विमा निघावा असं मलाही वाटत होतं. कुत्रा माझा, हट्ट माझा, आणि तिकडे सांगलीत सांभाळताय तुम्ही. निदान हप्ता तरी मी भरावा, म्हणजे मला जरा बरं वाटेल, असा त्यात माझा स्वार्थही होता.

एजंटकाका सांगत होते ती सरकारी कंपन्यांची जुनी श्वान विमा पॉलिसी. तिच्यात आठ आठवड्यांपासून आठ वर्षांपर्यंतची कुत्री बसतात आणि बंडूला नऊ पूर्ण झाली. तो बसला असता तरी ती पॉलिसी मुळात कुत्रा दगावला तर पैसे देणारी आहे. आधी जनावराची किंमत ठरवायची, तिच्यावर हप्ता भरायचा आणि ते गेलं की डॉक्टरांचा दाखला, शवविच्छेदनाचा अहवाल जोडून दावा लावायचा. म्हशीच्या बाबतीत हे अगदी रास्त आहे. गोठ्यातली म्हैस गेली की दूध थांबतं आणि कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. पण बंडूच्या नावावर उद्या पंचवीस हजार आले, तर बाबा, तुम्ही त्या पैशांना हात तरी लावाल का?

खासगी कंपन्यांच्या पॉलिसी याहून बऱ्या आहेत. 2020 मध्ये बजाज अलियान्झनं तशी आणली, मग आणखी काही कंपन्यांनी आणल्या. त्यांत दवाखान्यात ठेवण्याचा आणि ऑपरेशनचा खर्च धरतात, जादा हप्ता भरला तर हरवल्याचा किंवा कुणाला चावल्याचाही. गावठी कुत्रीसुद्धा चालतात. पण मी पाहिलेल्या पॉलिसींत लॅब्रेडॉरएवढ्या कुत्र्याला पहिल्यांदा घ्यायची असेल तर वयाची अट सात वर्षांच्या आसपासच येते. त्यातून कुणी घेतलंच, तर आधीपासूनचं दुखणं बाहेर. बंडूच्या खुब्याचा एक्सरे दोन वर्षांपूर्वीच निघालाय, फायलीत नोंद आहे. म्हणजे ज्या पायांसाठी खर्च येणार, तेच पाय सोडून बाकीच्या बंडूचा विमा. शिवाय लस चुकली आणि लशीनं टळणारा आजार झाला, तर दावा नाकारतात, आणि सुरुवातीचे काही आठवडे आजारपणाचा दावा लागूच होत नाही. हे सगळं बारीक अक्षरात असतं. ते वाचायला तुम्हीच शिकवलंत.

दादाच्या कुत्र्याची, चिकूची गोष्ट निराळी आहे. तो सहा महिन्यांचा आहे, फायलीत अजून काही लागलेलं नाही, आणि विश्रामबागेतल्या त्यांच्या बोळात मुलं सारखी खेळत असतात. त्याच्यासाठी पॉलिसी घ्यावी असं माझं मत आहे, त्यातही चावल्याची भरपाई देणारी. वहिनीला तसं कळवते. तुम्ही सांगू नका, नाहीतर दादाला वाटेल की तुम्ही त्याला खर्चात टाकताय.

आता बंडूसाठी मी काय केलंय ते सांगते. आईच्या नावावर गावभागातल्या बँकेत जे रिकामं खातं पडून होतं, त्यात 25,000 रुपये टाकलेत. दर महिन्याच्या पाच तारखेला त्यात 2,000 जमा होतील, म्हणजे वर्षाला 24,000. हे पैसे बंडूचे. आईच्याच खात्यात मुद्दाम टाकलेत, कारण बाबा, तुमच्या खात्यात टाकले असते तर तुम्ही ते जपून ठेवून माझ्या वाढदिवसाला मलाच परत दिले असतेत. कंपनीनं हप्ता घेतला असता तर वर्ष संपलं की संपला. हे पैसे राहतात. बंडू ठणठणीत राहिला तर आणखीनच बरं.

गेल्या पावसाळ्यात गोचीडतापानं त्याच्या प्लेटलेट उतरल्या. दोन दिवस तो ताटलीकडे ढुंकूनही बघत नव्हता. तुम्ही पेन्शनमधून सलाईन, रक्ततपासणी, महिनाभराच्या गोळ्या सगळं केलंत आणि मला दिवाळीत कळलं, तेही समोरच्या काकूंकडून. मी रागावले नाही, रागावणारही नाही. पण आता तसं करायचं नाही. तो जेवला नाही की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. “उद्यापर्यंत बघू” नको. पासबुक माझ्यापासून लपवायचं नाही आणि “उगीच कशाला” म्हणायचं नाही. माझे टॉन्सिल काढायला मिरजेला नेलंत, तेव्हा आईच्या हातात पाटल्या नव्हत्या. त्या कुठं गेल्या हे मला कॉलेजात गेल्यावर समजलं. तेव्हा बिल किती झालं, हे तुम्ही माझ्यासमोर तोंडातून काढलं नव्हतं. स्कूटरवर तुमच्या दोघांच्या मधे बसून, शाल गुंडाळून, आईस्क्रीमची वाट बघत मी घरी आले होते, एवढंच मला आठवतं. मग बंडूच्या बिलावरून माझ्याशी हिशेब कशाला?

आई, आता तुझं. आत्यानं तासगावहून पाठवलेला बेदाण्यांचा डबा बंडूच्या नाकापासून लांब ठेव. शिऱ्यात बाबांना बेदाणे आवडत नाहीत, म्हणून तू ते एकेक वेचून ताटाच्या कडेला काढतेस आणि टेबलाखाली हात नेतेस. मला माहीत आहे, मीही तेच करायचे. पण द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला बाधतात. किती खाल्ले म्हणजे बाधतं, याचा काही नेम नाही. एखादा पचवतो, एखाद्याची दोन-तीन दिवसांत लघवी बंद होते. टार्टारिक आम्लामुळे हे होतं असं अलीकडे पशुवैद्य मानतात आणि तेच आम्ल चिंचेतही असतं, म्हणजे तुझी आमटी-पोळीही बंद. कांदा-लसूण तर नाहीच. चुकून खाल्लाच बेदाणा, तर उलटी होते का ते बघत बसायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. सांगलीत राहून बेदाण्याला नाही म्हणायचं, हे तुझ्या जिवावर येणार, ठाऊक आहे मला. त्याला गाजर दे. आवडीनं खातो, आणि वजनही उतरायला हवंय.

त्याच्या पायांसाठी रबरी चटया पाठवल्यात. हॉलमधल्या गुळगुळीत फरशीवर, पाण्याच्या भांड्यापासून दारापर्यंत सलग अंथरा, मधे फट ठेवू नका. फटीतच तो घसरतो. बाबा, त्याला उचलून गाडीत घालायचं नाही. चौतीस किलोचा आहे तो, आणि तुमची कंबर मला ठाऊक आहे. रिक्षावाल्या मामांना बोलवा. ते बंडूला ओळखतात आणि पुढच्या सीटवरसुद्धा बसवतात. आणि तुमच्या गुडघ्याची गोळी अर्धी मोडून त्याला अजिबात द्यायची नाही. माणसाच्या दुखण्याच्या गोळ्यांनी कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड जातं. त्याच्या डॉक्टरांनी दिलंय तेवढंच.

रेबीजची आणि लेप्टोची (घुशी-उंदरांपासून होणाऱ्या तापाची) लस दर वर्षी द्यायची, चुकवायची नाही. कृष्णामाई चढली की घुशी-उंदीर कुठून कुठून निघतात, हे 2019 ला आपण पाहिलंय. बंडूला घेतल्याशिवाय बोटीत पाय ठेवणार नाही म्हणून तुम्ही जिन्यात बसून राहिला होतात, बाबा. आजही कुणी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचं नाव काढलं की मला तेच आठवतं आणि तुमचा राग येतो. म्हणजे खरा राग नाही, तुम्हाला कळतंय ते.

एक अवघड गोष्ट लिहिते. आई, इथं हवं तर जरा थांबून पाणी पी. बंडू म्हातारा होतोय. पुढंमागं काही मोठं निघालं तर शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात दाखवता येईल, मी पुण्याहून निघेन, तुम्ही तिकडून या. पण त्याला फार त्रास होणार असेल, तर ऑपरेशन करायचंच असा माझा हट्ट नाही. त्या वेळी डॉक्टरांचं ऐकायचं आणि निर्णय तिघांनी मिळून घ्यायचा. रात्री दोन वाजता फोन करावा लागला तरी करा. तुम्ही कमी केलंत असं मी कधीही म्हणणार नाही. तुमच्याइतकं त्याच्यासाठी मी स्वतःही केलं नसतं.

बंडूच्या विम्यासाठी तुम्ही एवढे मागे लागलात, तर स्वतःचंही बघा की. सत्तरीच्या वरच्यांसाठी सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर 2024 पासून निघतंय, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. आधार कार्ड घेऊन जायचं, बस्स. तुम्ही बहात्तरचे, आई एकाहत्तरची. दोघांनी एकदमच जाऊन या. “बघू” हा शब्द मी ऐकणार नाही. त्या दिवशी बंडूला काकूंकडे ठेवा. त्यांना विचारून ठेवलंय.

पुढच्या महिन्यात येतेच आहे. भडंग करून ठेवू नकोस, आल्यावर दोघी मिळून करू. तुझा खांदा दुखतोय हे मला दादानं सांगितलंय.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, एजंटकाकांना नाही म्हणायला तुम्हाला जड जाईल. मीच फोन करते. त्यांना चिकूचं नाव देईन, म्हणजे तेही खूश.