ताईस पत्र

लेस्टर, इंग्लंड

ताईस सप्रेम नमस्कार,

सासूबाईंना पक्षाघात होऊन दीड वर्ष झालं. रात्री दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, सकाळी शाळा गाठायची, वर पतसंस्थेचे हप्ते. ‘अंगात त्राण नाही, पण डोळा लागत नाही,’ असं तू लिहिलंस. महिनोन्महिने झोप तुटली की भल्याभल्यांचं असंच होतं गं.

आधी हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि बी-१२ तपासून घे. यांत बिघाड असला तरी असाच थकवा आणि उदासी येते, आणि त्यावर औषध आहे.

मग १४४१६ ला फोन लाव. ही सरकारची मानसिक आरोग्यासाठीची ‘टेली-मानस’ फोनसेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. फोन गच्चीवरून कर. घरातलं कुणी ऐकत असलं की आपण ‘तसं बरं आहे’ म्हणून मोकळे होतो.

समोर बसून बोलायचं तर सिव्हिलच्या मनोविकार विभागात केसपेपर काढ. तिथले डॉक्टर गरज पडली तर गोळ्या लिहून देतात. समुपदेशक गोळ्या देत नाहीत, बोलण्यातून वाट काढतात. खासगीत गेलीस तर शिक्षण कुठलं ते बेधडक विचार, कारण ‘समुपदेशक’ ही पाटी कुणीही लावतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवीच. शाळेत कळेल म्हणून घाबरू नकोस. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची माहिती गुप्त ठेवावी लागते.

पहिली बैठक पाऊण-एक तासाची, ती बहुतेक विचारपूस करण्यातच जाते. ‘काही सांगितलंच नाही’ म्हणून पुष्कळ जण इथेच सोडतात. तू निदान चार वेळा जा. आठवडाभराची झोप वहीत टिपून ने: कधी आडवी झालीस, किती वेळा उठलीस, कशासाठी. ‘फार टेन्शन आहे’ म्हणण्यापेक्षा त्या चार ओळींतून त्यांना जास्त उमगतं. सूर जुळला नाही तर दुसरे समुपदेशक बघ. नैराश्याच्या गोळ्या दिल्या तर गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. मधेच आपल्या मनाने बंद करू नकोस.

याने कर्ज फिटणार नाही, सासूबाई चालू लागणार नाहीत. पण कुठलं काम कुणी उचलायचं आणि ते घरात कसं बोलायचं, याची तयारी तिथे करता येते. रात्रीची एक पाळी दाजींनी घ्यावी, हे मी त्यांना वेगळं लिहिते आहे.

आणि जगणं नकोसं वाटलं, तर बैठकीच्या तारखेपर्यंत थांबू नकोस. लगेच १४४१६ किंवा ११२ लाव, एकटी बसू नकोस, आणि मला उठव. इथे कितीही वाजलेले असोत.

तुझी,
धाकटी