काका, तुम्ही पंखा बंद केलात

घड्याळवाले काका, नमस्कार.

तुम्ही स्वतः हे वाचणार नाही हे माहितीये मला, तुमचा फोन बटणांचा, आणि तोही ड्रॉवरमध्ये सेलच्या पाकिटांखाली पडलेला असतो. पण नातू दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून बसतो अशी तक्रार तुम्हीच केली होतीत, त्याच्या नजरेला पडलं आणि त्यानं वाचून दाखवलं तर बरंच. तुमचं नाव लिहीत नाहीये, बोळ कुठला तेही नाही, नारायण पेठ एवढं पुरे. उद्या चार गिटारवाले दारात येऊन उभे राहिले तर तुम्ही मलाच बोलाल.

विषय त्या स्प्रिंगवाल्या पत्र्याच्या डब्याचा. महिना होऊन गेला, तरी ती दुपार डोक्यातून जात नाहीये.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मला इलेक्ट्रिक गिटारसाठी स्प्रिंग रिव्हर्ब घरी बनवायचा होता. म्हणजे आवाजाला जो घुमारा असतो ना, रिकाम्या वाड्यात टाळी वाजवल्यावर येतो तसा, तो खऱ्या स्प्रिंगमधून काढायचा. यातला मुख्य भाग म्हणजे टँक, सव्वा-दीड फुटाचा पत्र्याचा डबा, आत दोन लांब स्प्रिंगा आडव्या टांगलेल्या. एका टोकाची कॉइल गिटारच्या सिग्नलनं स्प्रिंगेच्या टोकाचं चिमुकलं चुंबक थरथरवते, ती थरथर स्प्रिंगेतून पलीकडे जाते, आपटून परत येते, परत जाते, आणि पलीकडची कॉइल ते सगळं ऐकून पुन्हा वीज करून देते. डिजिटल पेडल मिळतं हो, मलाही माहितीये, कृपया कुणी सुचवू नका. तार तळव्यानं दाबून खाडकन वाजवली की स्प्रिंगेतून पाण्यात थेंब पडल्यासारखा जो 'टुप्' येतो, तो मला माझ्या हातानं बनवलेल्या डब्यातून हवा होता. हौस म्हणा, खाज म्हणा.

टँक आतेभावानं अमेरिकेतून बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणला. बाकी सगळं पुण्यातलं, आयसी नि कपॅसिटर तपकीर गल्लीतून, बाहेरचं खोकं जुन्या बाजारातल्या एका मेलेल्या स्टॅबिलायझरचं, रविवारी सकाळी घासाघीस करून घेतलेलं. पुढे स्प्रिंग हलवायला एनई५५३२ ही आयसी, मागे येणारा बारीक आवाज उचलायला टीएल०७२, सर्किट पहिल्या फटक्यात चाललं. आणि मग शेवटच्या दिवशी, नुसती वायर नीट बसवायला म्हणून मी टँक उघडला आणि बोटाच्या नखानं आउटपुट कॉइलची तार तोडली. मीच तोडली, दुसऱ्या कुणाला दोष नाही. केसापेक्षा बारीक तार, तुटताना आवाजसुद्धा होत नाही. त्या कॉइलवर मीटर लावला की २०० ओहमच्या आसपास दिसायला पाहिजे, माझ्या मीटरवर डावीकडे नुसता १ येऊन बसला. ज्यानं स्वस्तातला मीटर वापरलाय त्याला तो १ म्हणजे काय ते कळेल, तार कुठेतरी तुटलीये, वीज पलीकडे जातच नाहीये.

त्यानंतरचे दोन महिने न लिहिलेले बरे, पण लिहितोच. एकानं काउंटरच्या पलीकडूनच, डबा हातातही न घेता, "हे इकडे होत नाही, फेकून द्या" सांगितलं. दुसऱ्यानं मला इनपुटची कॉइलही गेलीये असं छातीठोकपणे सांगितलं कारण मीटरवर ५८ ओहम येत होते आणि त्याच्या मते ६०० पाहिजेत. अहो ६०० ही एक किलोहर्ट्झची इम्पिडन्स आहे, म्हणजे आवाजाच्या सिग्नलला होणारा अडथळा, मीटर दाखवतो तो नुसत्या तारेचा रेझिस्टन्स ५८च्या आसपासच असतो, हे मी सांगायला गेलो तर "मग तुम्हीच करा की". बरोबर आहे, माझीच चूक. आणि तिसरे महाशय, अ‍ॅम्प रिपेअरवाले, त्यांनी डबा तीन आठवडे ठेवून घेतला, रोज उद्या, आणि शेवटी परत दिला तेव्हा मी ठेवलेलं बोटाच्या पेराएवढं मोकळं टोक आता जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं राहिलं होतं, म्हणजे कुणीतरी खेचून बघितलं होतं, आणि वर ५०० रुपये चेकिंग चार्ज. काय चेक केलं विचारलं तर म्हणाले, "तुटलीये." हे मला माहिती होतं हो! मी जाताना तेच तर सांगितलं होतं.

तुमच्याकडे मी त्या डब्यासाठी आलोच नव्हतो. बाबांच्या एचएमटीचा पट्टा बदलायला आलो होतो, डबा नुसता पाठीवरच्या सॅकमध्ये होता कारण त्याच दुपारी तो परत मिळाला होता आणि माझं डोकं फिरलेलं होतं. तुम्ही डोळ्याला भिंग लावून कुठल्याशा घड्याळाची बालकमानी, ती आतली केसासारखी बारीक गोल स्प्रिंग, चिमट्यात धरून बसला होतात, आणि मला एकदम वाटलं की अरे, हा माणूस दिवसभर हेच तर करतो. विचारायला लाजच वाटत होती खरं तर. घड्याळवाल्याला गिटारचं काम सांगायचं म्हणजे.

तुम्ही म्हणालात, "मला त्यातलं काही कळत नाही. दाखव तरी."

हे दोन शब्द, दाखव तरी, दोन महिन्यांत पहिल्यांदा ऐकले मी. डबा उघडल्यावर तुम्ही आधी स्प्रिंगेला टिचकी मारलीत, ती झंकारली तसे हसलात, "हे बालकमानीच्याच खानदानातलं दिसतंय, जरा वाढलेलं पोरगं." मग कॉइलकडे बघत बराच वेळ काही बोललाच नाहीत. मला वाटलं, झालं, आता हेही फेकून द्या म्हणणार. तुम्ही भिंग काढून माझ्या डोळ्याला लावलंत, म्हणालात, "आधी तू बघ." आणि मी पहिल्यांदा ते नीट पाहिलं. दोन महिने ज्या तारेवरून माझी झोप उडाली होती ती मी धड पाहिलीच नव्हती, एवढी बारीक की नुसत्या डोळ्यांना लाल रेघ वाटायची. भिंगातून ती चांगली जाडजूड, तांबूस, वार्निशनं चमकणारी, आणि टोकाला वाकडी झालेली दिसत होती. गेलेली नव्हती, नुसती तुटलेली होती.

आणि मग तुम्ही पंखा बंद केलात.

मेचा दुसरा आठवडा, दुपारचे साडेतीन, जिन्याखालचं तुमचं ते दुकान, वर पत्रा, खिडकी नाही, हवा म्हणून जी काय ती त्या एका टेबलफॅनची. शर्ट आधीच पाठीला चिकटलेला. तुम्ही काही न बोलता हात मागे नेलात, खटका खाली केलात, पाती गरगरत गरगरत थांबली, आणि एकदम शांत. "वाऱ्यानं नाचते ती", एवढंच म्हणालात.

काका, मला नेमकं सांगता येत नाहीये की त्यानं मला एवढं का भरून आलं. तार जोडून दिलीत ते आहेच, ते कौशल्य तुमचं, त्याला नमस्कार. पण पंखा बंद करणं हे कौशल्य नाही. ज्या कामाचे पैसे किती घ्यायचे हे अजून ठरलं नव्हतं, जे तुमच्या धंद्यातलंही नव्हतं, त्यासाठी सत्तरीच्या माणसानं स्वतःहून उकाडा ओढवून घेतला. त्या तिसऱ्या महाशयांच्या दुकानात एसी होता.

आणि ते पाच मिनिटांचं काम नव्हतं. वीस-पंचवीस मिनिटं गेली. घाम कपाळावरून भुवईत, भुवईतून भिंगाच्या कडेला, तुम्ही खांद्याला तोंड पुसायचात पण चिमट्यातलं टोक हलू द्यायचं नाही. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या टोकाचा एक वेढा सोडवून थोडी लांबी मिळवलीत, त्याला कसली तरी जराशी जाड तार जोडायला घेतलीत, आणि मग सॅकमधला माझा सोल्डरिंग आयर्न बघून म्हणालात, "डाग तू दे. मी धरतो." माझा हात असा काही थरथरायला लागला की विचारू नका. "मनगट टेबलावर टेकव. कोपर पण. हां. आता श्वास सोड आणि मग टेकव." घड्याळं अशीच शिकवतात का हो? मला आठ वर्षांत, शेकडो डाग देऊन झाल्यावरही, श्वासाचं कुणी सांगितलं नव्हतं.

मध्येच त्या काकू आल्या, पर्समधून मनगटी घड्याळ काढत, "अहो लाइट गेलेत का? पंखा लावा की." तुम्ही मान वर न करता, "लाइट आहेत, ऑपरेशन चाललंय, बसा." आणि त्या बसल्या! बँकेच्या पासबुकानं वारा घेत बसल्या, थोड्या वेळानं उठून त्याही बघायला वाकल्या. पुण्यात दुकानदारानं गिऱ्हाइकाला थांबवणं नवीन नाही, पण गिऱ्हाईक कुतूहलानं थांबलंय हे मी पहिल्यांदाच बघितलं.

मी घाबरलो की बडबडतो. म्हणून मी तुम्हाला सांगत सुटलो होतो की ही स्प्रिंगेची युक्ती मुळात अमेरिकेतल्या बेल लॅब्जवाल्यांची, म्हणजे टेलिफोनवाल्यांच्या प्रयोगशाळेची, लांबच्या टेलिफोन लाइनमध्ये आवाजाला जो उशीर होतो तो खोलीतल्या खोलीत बनवून बघायला, मग हॅमंडनं ती ऑर्गनमध्ये घातली, घरात वाजवला तरी चर्चमध्ये वाजल्यासारखा वाटावा म्हणून, मग १९६१ला फेंडर या गिटार-अ‍ॅम्पवाल्या कंपनीनं गिटारसाठी वेगळा डबा काढला आणि १९६३ला व्हायब्रोव्हर्ब अ‍ॅम्पच्या आतच बसवला, आणि दोन स्प्रिंगा मुद्दाम वेगळ्या असतात म्हणजे दोन्हींचा उशीर सारखा येत नाही, नाहीतर घुमारा न वाटता नुसता प्रतिध्वनी वाटेल... तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात, "अरे बोलू नकोस, तुझ्या श्वासानं पण हलतेय ती." काकू फिस्सकन हसल्या. मी गप्प. पण डाग देऊन झाल्यावर तुम्हीच विचारलंत, "मग ते टेलिफोनचं काय म्हणत होतास?" म्हणजे ऐकत होतात.

मीटर लावला. १९८. मी ओरडलोच असेन बहुतेक, कारण समोरच्या झेरॉक्सवाल्यानं डोकावून बघितलं.

मग आधी काकूंचं घड्याळ घेतलंत हातात आणि नंतर पंखा लावलात, हाही क्रम माझ्या लक्षात राहिलाय. माझ्याकडून पट्ट्याचे धरून १९० रुपये घेतलेत. तारेचे त्यातले ४०, सेल बदलायचे घेता तेवढेच. मी जास्त देत होतो तर म्हणालात, "डाग तर तू दिलास." यावर काय बोलणार.

मला हल्ली वाटतं, हुशार माणसं आपल्याकडे पोत्यानं आहेत, प्रत्येक गल्लीत दोन, पण "मला कळत नाही" म्हणून वर पुन्हा डबा जवळ ओढून घेणारा विरळा. कळत नाही म्हटलं की आपल्याकडे विषय संपतो. किंवा मग कळत नसताना कळतंय असं दाखवायचं आणि त्याचे ५०० लावायचे. माझ्या ऑफिसात मीही हेच करतो बरं का, नवीन पोरगं काही घेऊन आलं की न बघता "हे असं होत नाही रे" म्हणून मोकळा होतो. परवा एकजण आला तेव्हा खुर्ची जवळ ओढली आणि दाखव तरी म्हणलं. तो जरा घाबरलाच.

तर, डबा चालतोय. पहिल्या रात्री ५० हर्ट्झची अशी घूंऽऽ यायची की शेजारच्यांना वाटलं मिक्सर राहिला चालू, मग ट्रान्सफॉर्मर खोक्याच्या पार दुसऱ्या टोकाला नेला, तुम्ही जोडलेल्या कॉइलपासून लांब, आणि टँक थोडा वळवून बघितला तेव्हा गप्प झाली. आता खोक्याला धक्का लागला तर आतून ढगांचा गडगडाट येतो, आमच्या मांजरानं त्या खोलीत यायचं सोडलंय. पण टुप् येतो. अगदी पाहिजे तसा.

निघताना तुम्ही म्हणाला होतात, "आवाज कसा येतो ते एकदा ऐकव." मी त्या वेळी हो हो म्हणालो आणि मग पाऊस, ऑफिस, कारणं. येत्या शनिवारी चारनंतर येतोय. गिटार, छोटा अ‍ॅम्प आणि खोकं घेऊन, तुमच्याकडे एक प्लग लागेल फक्त. आणि या वेळी पंखा चालू राहू दे, पण टेबलावरून उचलून स्टुलावर ठेवू, नाहीतर त्याची घरघर स्प्रिंगेत शिरेल आणि तुम्ही म्हणाल, एवढं करून हाच आवाज काढायचा होता का रे.

तुमचा,
तारवाला