आमच्या खात्यातली बाई

तीर्थस्वरूप काकांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र पोस्टात न टाकता असं चारचौघांत लिहितेय, हे तुम्हाला आवडणार नाही. पण समोर आभार मानायला लागलं की तुम्ही "चहा घेणार ना?" म्हणून उठून जाता. इथे तुम्हाला मध्येच लाइन तोडता येणार नाही.

मी आठवीत होते. शाळेच्या समूहगीतात मला शेवटच्या रांगेत उभं करून "तू नुसते ओठ हलव" असं सांगितलं होतं. गाण्याच्या क्लासमध्येही तीच रड. बाकीच्या मुली काळी चारमध्ये, म्हणजे पेटीवरच्या उंच पट्टीत, आरामात गायच्या आणि माझा तार षड्ज, वरचा सा, काही केल्या लागायचा नाही. घोगरा, बाप्या आवाज. समजूत घालायला लोक गंगूबाई हनगलांचं नाव घ्यायचे. पण मला गंगूबाई व्हायचं नव्हतं, मला दुसऱ्या रांगेत उभं राहायचं होतं.

त्या रविवारी मी तुमच्या जिन्यात रडत बसले होते. तुम्ही काही विचारलं नाहीत. आत नेलंत, धोतराच्या फाटक्या तुकड्याने रेकॉर्ड पुसलीत, गोल गोल, बाहेरून आत, आणि सुई ठेवताना म्हणालात, "ऐक. ही आमच्या खात्यातली बाई."

आधी खरखर. मग आवाज. साथीला काही नाही, पियानो नाही, आपल्याकडचा तंबोरासुद्धा नाही. दक्षिणेच्या वाऱ्याला, माझ्या माणसाला घरी आण, म्हणून विनवणारं उत्तर इंग्लंडचं एक लोकगीत. एक शब्द मला कळला नाही. पण तो आवाज माझ्यासारखा खालचा होता, आणि कोणी तिला ओठ हलवायला सांगितलं नव्हतं.

खात्यातली म्हणजे खरोखरच टेलिफोन खात्यातली! गायिका कॅथलीन फेरियर, जन्म 1912, लँकेशरमधल्या शाळामास्तरांची मुलगी. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि ती ब्लॅकबर्नच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये कामाला लागली. तुम्ही आयुष्यभर एक्सचेंजच्या बोर्डावर नाइट ड्यूट्या केलेल्या, त्यामुळे हा भाग सांगताना तुम्हाला फार जोर चढायचा. फोनवर वेळ सांगणाऱ्या सेवेसाठी आवाज हवा होता, तिने प्रयत्न केला, निवड झाली नाही. "आमच्या साहेबांना कान नसतातच," ही तुमची टीप. पुढे लग्न झालं आणि नोकरी गेली, कारण लग्न झालेल्या बायका खात्याला चालत नसत.

तोवर ती पियानोवाली होती. 1937 मध्ये कार्लाइलच्या स्पर्धेत तिने पियानोसाठी नाव दिलं. नवऱ्याने एका शिलिंगची पैज लावली, गाण्यात नाव द्यायची तुझी छाती होणार नाही म्हणून. तिने दिलं आणि दोन्हीकडे पहिली आली.

पुढचं तुम्ही भराभर सांगायचात. युद्धाच्या दिवसांतले कार्यक्रम, मग लंडन, 1946 मध्ये ग्लाइंडबॉर्नच्या ऑपेरा महोत्सवात बेंजामिन ब्रिटन या संगीतकाराच्या नव्या ऑपेरात ल्युक्रेशियाची भूमिका. रंगमंचावर तिने ऑपेरातल्या दोनच भूमिका केल्या, हे मला नंतर वाचून कळलं तेव्हा मी चाटच पडले. दुसरी भूमिका ग्लुक या जुन्या संगीतकाराच्या ऑपेरातला ऑर्फिअस, बायको मेलेला गवय्या. आपल्याकडे बालगंधर्व बाई व्हायचे, तिकडे ही बाई पुरुष झाली. बायकांच्या आवाजातला सगळ्यात खालचा तो कॉन्ट्राल्टो, आणि या भूमिकेला तोच शोभतो.

6 फेब्रुवारी 1953 ची गोष्ट मात्र तुम्ही सावकाश सांगायचात, चष्मा काढून. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृहात ऑर्फिअसचा दुसरा प्रयोग. कॅन्सर हाडांत उतरलेला. प्रयोग चालू असताना तिच्या मांडीचं हाड मोडलं. सोबतचे कलाकार अवतीभवती सरकून तिला आधार देत राहिले, समोर बसलेल्या बहुतेकांना पत्ताही लागला नाही, आणि तिने उरलेली सगळी पदं गाऊनच रंगमंच सोडला. त्यानंतर ती रंगमंचावर कधी आली नाही. ऑक्टोबरमध्ये गेली, वयाच्या 41 व्या वर्षी. तुम्ही चष्मा पुन्हा लावून म्हणायचात, "ड्यूटी संपेपर्यंत बोर्ड सोडायचा नाही." मला ती उपमा तेव्हा हास्यास्पद वाटायची. आता नाही वाटत.

पण आभार या गोष्टीचे नाहीत. तुम्हाला सूर-ताल काही कळत नव्हतं, आणि तरी तुम्हीच वरच्या मजल्यावरून पेटी मागून आणलीत आणि मला म्हणालात, "तुला जिथे बरं वाटतं ती पट्टी दाब. क्लासचं राहू दे." मी खाली खाली येत काळी एकवर थांबले. अख्खा अभंग म्हटला, घसा न ताणता. काकू पोळ्या टाकायच्या थांबल्या होत्या.

आजही मी काळी एकमध्येच गाते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीला आधी पट्टी विचारत नाही, शोधू देते. तुमची ती रेकॉर्ड माझ्याकडेच आहे, एके ठिकाणी अडकते, धक्का द्यावा लागतो.

आणि एक राहिलंच. त्या वर्षी गणपतीत वाड्याच्या कार्यक्रमात मी गाणार नाही म्हणून तुम्ही माझ्याशी एका रुपयाची पैज लावली होतीत. मी गायले. रुपया अजून आलेला नाही.

तुमची,
खालच्या मजल्यावरची